पेट्या आणण्याआधी दहा मिनिटं झाडाखाली बसा

सांगोला तालुक्यातल्या एका तरुण बागाईतदाराचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "तीन एकर भगवा डाळिंब आहे, हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरचा) धरलाय. कळी भरपूर निघाली, पण निम्म्याहून जास्त फुलं गळून जातात, सेटिंग होत नाही, फळ धरत नाही. शेजारी म्हणतो, एकरी चार पेट्या मधमाश्या भाड्यानं आण, सगळं सेट होईल. आमची आजी म्हणते, आमच्या वेळी कुणी पेट्या आणल्या नव्हत्या, तरी रान पिकत होतं. आई घरापुरतं कांद्याचं बी धरते आणि उन्हाळ्यात आमचं कलिंगडही असतं. मधमाशी खरंच एवढी लागते का, की हे नुसतं फॅड आहे?"

आजीचं खरं आहे. शेजारीही खोटं बोलत नाही. पण तुमची फुलं का गळतात याचं उत्तर बहुधा दोघांच्याही बोलण्यात नाही. म्हणून आधी फुलगळ बघू, माशीकडं मग येऊ.

मी सत्तावीस वर्षं सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाच्या बागा आणि बीजोत्पादनाचे प्लॉट बघत फिरतोय. त्यातली पंधरा वर्षं घरच्या परसात पेट्याही आहेत. 'सेटिंग होईना' म्हणून येणाऱ्या फोनांमागं फार वेळा एकच गोष्ट निघते: माणूस नर कळी गळताना बघून घाबरलेला असतो.

डाळिंबाच्या एकाच झाडावर वेगवेगळ्या घडणीची फुलं येतात. एक बुडाशी फुगीर, तांब्यासारखं. त्यात स्त्रीकेसर लांब असतो आणि त्याचं टोक, म्हणजे कुक्षी, पुंकेसरांच्या बरोबरीला किंवा वर आलेली असते. हिला आपण मादी कळी म्हणतो. खरं तर ती उभयलिंगी. दुसरं फूल घंटेसारखं, बुडाशी निमुळतं, स्त्रीकेसर आखूड राहिलेला. ही नर कळी. काही फुलं या दोन्हींच्या मधलीही असतात. नर कळी पराग देते आणि गळते, तिचं काम तेवढंच. तेव्हा उद्या सकाळी झाडाखालची ओंजळभर फुलं उचला आणि त्यांची बुडं बघा. बहुतेक निमुळती निघाली तर तुमचा प्रश्न माशीचा नाहीच. मग ताण (बहाराआधी पाणी तोडून झाडाला दिलेली विश्रांती) नीट बसला होता का, काडीत अन्नसाठा होता का, पानगळ आणि पहिलं पाणी यांत घाई झाली का, हे तपासायचं. त्यावर शंभर पेट्या आणल्या तरी नर कळीची मादी होत नाही.

फुगीर बुडाची फुलं मोठ्या संख्येनं पडत असतील, तर मात्र पुढचं वाचा.

डाळिंब फोडल्यावर दिसणारा एकेक दाणा म्हणजे एकेक बी आहे. आपण खातो तो त्या बियांवरचा रसाळ थर. बी तयार व्हायला एक परागकण कुक्षीवर पडावा लागतो, तिथं तो रुजून त्याची बारीक नळी खाली उतरावी लागते आणि एका बीजांडापर्यंत पोचावी लागते. एका दाण्याला एक पराग, असा हा रोख व्यवहार आहे. एका फळात शेकडो दाणे असतात, म्हणजे तितके पराग त्या एवढ्याशा कुक्षीवर पडायला हवेत. फारच कमी पडले तर झाड ते फूल टाकून देतं. थोडे पडले तर फळ राहतं, पण आकारानं मार खातं. डाळिंब स्वतःच्या परागानंही धरतं आणि शेजारच्या झाडाच्याही, पण वारा या कामात फारसा उपयोगी पडत नाही. पराग उचलून ठेवणारं कुणीतरी लागतं.

ते कुणीतरी तुमच्या बागेत आहे की नाही, हे शोधायला प्रयोगशाळा नको. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान एका झाडापाशी दहा मिनिटं बसा. मोबाईल खिशात ठेवून. फुलावर कोण येतं, किती वेळा येतं, कुक्षीला शिवतं की नुसतं पाकळीवर बसून जातं, हे बघा. बागेच्या चार कोपऱ्यांत चार दिवस हे करा. दहा मिनिटांत फुलावर एकही माशी उतरली नाही असं पुन्हापुन्हा झालं तर तोच मोठा निकाल. मी हे सांगितलं की लोक हसतात. औषधाचं नाव सांगितलं की लगेच लिहून घेतात.

याहून पक्की परीक्षा हवी असेल तर जुनी मच्छरदाणी काढा. उद्या-परवा उमलतील अशा साठ मादी कळ्या निवडा, वेगवेगळ्या झाडांवर. वीस कळ्यांना मच्छरदाणीच्या छोट्या पिशव्या बांधा. वीस नुसता पांढरा दोरा बांधून मोकळ्या सोडा. उरलेल्या वीस उमलल्या की त्यांना हातानं पराग द्या: ताजी नर कळी तोडायची, पाकळ्या काढून टाकायच्या, आणि तिचे पिवळी भुकटी सुटलेले पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवायचे. या वीसांना लाल दोरा. तीन आठवड्यांनी मोजा. हातानं पराग दिलेल्यांची सेटिंग मोकळ्या सोडलेल्यांपेक्षा बरीच जास्त निघाली, तर तुमच्याकडं माशी कमी पडतेय. दोन्ही गट सारखेच गळाले, तर माशी पुरेशी आहे आणि दुखणं पाण्यात, अन्नात किंवा फुलकिड्यांत आहे. बांधलेल्या पिशव्यांतही फळं धरली तर चकित होऊ नका, थोडी धरतात.

आणि एक. बागेवर ऊन किंवा गारपिटीसाठी कापड, जाळी टाकली असेल तर ती कधी टाकली ते आठवा. सेटिंग व्हायच्या आधी झाड गुंडाळलं तर माशीनं आत यायचं कुठून? कलिंगडवाल्यांना हे बरोबर कळतं. ते फुलं लागली की क्रॉप कव्हर काढून टाकतात. डाळिंबवाल्यांना का कळत नाही, मला कोडं आहे.

आता तुमचा मोठा प्रश्न, फॅड आहे का.

'मधमाशी संपली तर माणूस चार वर्षांत संपेल' हे वाक्य आईनस्टाईनच्या नावावर फिरतं. तो असं काही म्हणाल्याचा कुठलाही पुरावा नाही, आणि ते खरंही नाही. आपल्याच ताटावर तपासू. कडक भाकरी: ज्वारी स्वतःच्याच परागानं धरते, वाऱ्याचा थोडा हात असतो. शेंगाचटणी: भुईमुगाचं फूल बहुतेक स्वतःतच उरकतं. लसूण पाकळीनं लावतात. ऊस टिपऱ्यानं. करमाळा, टेंभुर्णीकडची केळी बिनपरागाचीच फळं देते. सोनाका द्राक्ष ज्या नान्नजला सापडलं, तिथल्या बागांनाही माशीची वाट बघावी लागत नाही. म्हणजे मंगळवेढ्याची ज्वारी आणि शेंगदाणा यांच्या जोरावर सोलापूरचा माणूस माशीशिवाय उपाशी मरणार नाही. पोट भरेल.

पण त्या भाकरीबरोबर काय खाल? डांगर, दोडका, कारलं, काकडी, कलिंगड यांची नर आणि मादी फुलं वेगळी. पराग कुणी नेला नाही तर फळ नाही, इतकं सरळ. करडई, सूर्यफूल यांना माशी आली की दाणा जास्त भरतो. वांगं, टोमॅटो यांना हलवणारं कुणीतरी लागतं. पेरू, लिंबू, आंबा, बोर, शेवगा, डाळिंब सगळे कमीजास्त याच रांगेत. आणि कांदा! कांदा खायला माशी लागत नाही, पण कांद्याचं बी माशीशिवाय होत नाही, आणि ज्या जिल्ह्याच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते तिथं हे विसरून चालत नाही.

जगाचा हिशोबही असाच निघतो. महत्त्वाच्या अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकं थोडीफार तरी कीटक-पक्षी-वटवाघळांवर अवलंबून आहेत. पण वजनानं बघाल तर जगाच्या धान्य-फळ उत्पादनातला ३५ टक्क्यांच्या आसपास वाटा या पिकांचा, आणि परागवाहक उद्या गायब झाले तर थेट बुडणारं उत्पादन ५ ते ८ टक्के, असं २०१६ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात आहे. या तीन आकड्यांतला पहिलाच सगळीकडं छापला जातो. तिसरा छोटा दिसतो, पण त्या ५ ते ८ टक्क्यांत भाजी, फळं, तेलबिया आहेत. अ आणि क जीवनसत्त्वं प्रामुख्यानं तिथूनच येतात. आणि शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा देणारी पिकंही तीच. तुमचं डाळिंब त्यातच आलं.

माशी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं पेटी येते. जगात मधमाश्यांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत, आणि पेटीत राहणाऱ्या त्यातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आपल्याकडची मंडळी नीट ओळखून घ्या.

आग्या मोठी, उघड्यावर एकच भलंमोठं पोळं करते: वडावर, पाण्याच्या टाकीखाली, उंच इमारतीच्या छज्जाला. ती हंगामाप्रमाणं जागा बदलते, लांबवर जाते, चांदणं असलं तर रात्रीही फुलावर येते. सातेरी ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहते, पेटीतही नांदते. मेलिफेरा ही बाहेरून आणलेली. भाड्याच्या पेट्यांत बहुतेक हीच. आणि फुलोरी. बोटाच्या पेरापेक्षा लहान, झुडपाच्या काटकीभोवती तळहाताएवढं पोळं बांधणारी. ही सोलापूरचं ऊन सोसते. तुमच्या डाळिंबातच एखाद्या फांदीवर तिचं पोळं असेल. छाटणीच्या वेळी गडी माणूस ते फांदीसकट तोडतो, चमचाभर मध चाटतो आणि पुढच्या झाडाला जातो. दिवसभर तुमच्याच बागेत राबणारी, भाडं न मागणारी वसाहत अशी जाते. दर वर्षी.

याशिवाय एकेकट्या राहणाऱ्या माश्या आहेत. काळा भुंगा वाळक्या लाकडाला गोल भोक पाडून राहतो. शेवगा आणि रुई यांचं काम मुख्यतः त्याचं. वांगं आणि टोमॅटोच्या पुंकेसरांना टोकाशी बारीक छिद्र असतं, मिठाच्या डबीसारखं. मधमाशीला त्यातून पराग काढता येत नाही. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची छोटी माशी फुलाला मिठी मारून अंग थरथरवते, तेव्हा पराग खाली सांडतात. ती गूं गूं वांग्याच्या वाफ्यात उभं राहिलं तर ऐकू येते. तुरीच्या फुलावरही हेच भुंगे आणि पानं गोल कापणाऱ्या माश्या. तूर त्यांच्याशिवायही शेंग धरते, बार्शीकरांनी घाबरू नये. पण २०१० मध्ये इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या पीक संशोधन संस्थेचं संकरित तुरीचं एक वाण आलं, त्याचं बी तयार करणं याच माश्यांच्या फेऱ्यांवर उभं आहे.

सीताफळाचं आणखी वेगळं. त्याचं फूल आधी मादी असतं आणि मग नर होतं, पाकळ्या जाड आणि जेमतेम फाकलेल्या. मधमाशी तिथं शिरतच नाही. तीळभर आकाराचे भुंगेरे आत जातात आणि काम करतात. सीताफळात पेट्या ठेवून काही होत नाही, तिथं ब्रश घेऊन हातानं परागीभवन केलं तर होतं. आंब्याला तर चक्क माश्या, घरमाशीच्या जातकुळीतल्या. दुधीचं आणि दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, तिथं पतंग. कोणत्या पिकाला कोण, हे न बघता सरसकट 'पेट्या आणा' सांगणारा सल्लागार भेटला तर चहा पाजून रस्त्याला लावा.

कलिंगडावर थोडं थांबतो, कारण तिथं पेट्यांचे पैसे खरोखर वसूल होतात. मादी फूल एकच सकाळ जिवंत असतं. त्या काही तासांत त्याच्या कुक्षीवर पाचशे ते हजार पराग पडायला हवेत, आणि कुक्षीच्या तिन्ही पाळ्यांवर सारखे. एका माशीच्या एका फेरीत ते होत नाही, सात-आठ फेऱ्या तरी लागतात. एका पाळीवर कमी पडले की त्या बाजूच्या बिया भरत नाहीत, आणि बिया नाहीत तिथं गर फुगत नाही. व्यापारी ज्याला 'वाकडा माल' म्हणून बाजूला टाकतो, त्यातली बरीच फळं माशीच्या न झालेल्या फेऱ्यांची असतात. आपण मात्र बोरॉन टाकत बसतो.

आता आजीकडं येऊ. तिच्या वेळी पेट्या नव्हत्या, कारण पेटीचं काम रान करत होतं. आठवायला सांगा तिला. ज्वारीत करडईच्या ओळी असायच्या, काठानंही करडई, काट्यामुळं जनावर आत येऊ नये म्हणून. जानेवारीत ती पिवळी-केशरी फुलायची. जवस, तीळ, कोथिंबीर, मोहरीच्या चार काकऱ्या. बांधावर बाभूळ, बोर, कडुनिंब, तरवड. बोर पावसाळ्यात फुलतं, कडुनिंब मार्च-एप्रिलमध्ये, करंज त्याच्या मागोमाग, चिंच मे-जूनला. म्हणजे वर्षाचा एकही महिना माशीला उपास नव्हता. रुंद बांध नांगरला जात नसे, आणि एकट्या राहणाऱ्या कित्येक माश्या जमिनीतच बीळ करून अंडी घालतात, त्यांची घरं शाबूत राहायची.

मग उजनी धरणाचं पाणी आलं, ऊस आला. पाण्याबद्दल तक्रार करणारा मी कोण, त्याच पाण्यावर माझ्या भावाचं घर उभं राहिलं. पण दहा-दहा एकर उसात माशीला खायला काहीही नसतं. बांध कोरून कोरून फूटभर उरले. त्यावरचं तणही आता तणनाशकानं जळतं. डाळिंबाची बाग वर्षातून महिना-दीड महिना फुलते. उरलेले दहा महिने माशीनं काय खायचं याचं उत्तर नाही, म्हणून ती तुमच्या बहाराच्या वेळी हजर नसते. पेट्यांचं भाडं आपण भरतो ते खरं तर या दहा महिन्यांचं.

आणि फवारणी. इथं मला माझंच एक जुनं पाप सांगायला हवं.

मी नवा होतो. बार्शी तालुक्यात एका प्लॉटवर कांद्याचं बी होतं, गोंडे, म्हणजे फुलांचे झुबके, ऐन फुलात. फुलकिडे दिसले म्हणून मी कीटकनाशक लिहून दिलं. वेळ सांगितली नाही. शेतकऱ्यानं सकाळी साडेनऊला पंप लावला. ओढ्यापलीकडं एक फिरता मधपाळ चाळीस पेट्या घेऊन उतरला होता, हे मला माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. दुपारी त्याच्या पेट्यांपुढं मेलेल्या माश्यांचा थर होता. तो माणूस ओरडला नाही. त्यानं एक माशी तळहातावर घेऊन दाखवली, तिची जीभ बाहेर आलेली होती. "काय ओ सायेब, ही खायला आलती," एवढंच म्हणाला. संध्याकाळी तो पेट्या भरून निघून गेला. त्या प्लॉटचे गोंडे पुढं हातात चुरगाळून बघितले तर पोकळ. फुलकिडे मेले होते, हे खरं.

तेव्हापासून माझे नियम कडक आहेत. बागेत फुलं उघडी असताना सकाळी काहीही मारायचं नाही. टॉनिकसुद्धा नाही, कारण पराग पाण्यानं भिजला की फुटून वाया जातो. मारणं अगदी गरजेचं असेल तर सूर्य मावळल्यावर. पण संध्याकाळची फवारणी हा सगळ्यावर उतारा नाही, हे लक्षात ठेवा. स्पिनोसॅडसारखं औषध ओलं असताना माशीला मारतं आणि वाळल्यावर बरंच निवळतं, त्याला संध्याकाळ चालते. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, क्लोथियानिडिन ही मंडळी झाडाच्या आत भिनतात आणि मकरंदात, परागात उतरतात. ती रात्री मारली काय नि पहाटे मारली काय, फरक पडत नाही. ड्रिपमधून सोडलेलीही फुलात पोचतात. युरोपात या तिन्हींना २०१८ पासून उघड्या शेतात बंदी आहे. कळी निघायला लागल्यापासून सेटिंग होईपर्यंत यांना हात लावू नका. बहाराचं फवारणी वेळापत्रक केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचं घ्या. दुकानदारानं चिठ्ठीवर लिहिलेलं नको. आणि डब्यावरचा 'मधमाश्यांना विषारी' हा बारीक अक्षरातला मजकूर एकदा चष्मा लावून वाचा.

फवारणी थांबवून, मच्छरदाणीची परीक्षा करून, माशी कमी आहे असंच निघालं, तर पेट्या जरूर आणा. एकरी चार नकोत. दोन पुष्कळ झाल्या, तीन एकरांना सहा. मेलिफेरा दोन-तीन किलोमीटर सहज जाते, म्हणजे तुमच्या पेट्यांतली निम्मी फौज शेजाऱ्याच्या बागेत काम करणार. शेजाऱ्याला म्हणावं, तूही निम्मं भाडं दे.

फुलं साधारण दहा टक्के उमलली की पेट्या आणायच्या. त्याआधी आणल्या तर माश्या दुसरीकडची फुलं शोधून तिकडं रुळतात. एका माशीला चांगली जागा सापडली की ती पोळ्यावर नाचून बाकीच्यांना दिशा आणि अंतर सांगते. हे शोधून काढणाऱ्या कार्ल फॉन फ्रिशला १९७३ मध्ये नोबेल मिळालं. एकदा सगळ्या पोळ्यानं तो पत्ता पाठ केला की तुमच्या डाळिंबाकडं वळवायला दिवस जातात.

भाडं ठरवताना पेटी उघडून बघा. नुसती पेटी मोजून पैसे देऊ नका. निदान सात-आठ फ्रेम (पोळ्याच्या चौकटी) माश्यांनी झाकलेल्या असाव्यात, राणी अंडी घालत असावी आणि झाकण न लावलेल्या अळ्या दिसाव्यात. अळ्यांना पराग खायला लागतो, म्हणून अळ्या असलेली वसाहत पराग गोळा करायला जास्त बाहेर पडते. अळ्या नसलेली पेटी म्हणजे पाहुण्यांनी भरलेलं घर, कामाला कुणी उठत नाही.

पेट्या दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवा, तोंड पूर्वेकडं, झाडाच्या सावलीत. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर मुंग्या दोन रात्रींत आत. जवळ पाण्याचं पसरट भांडं, त्यात खडे किंवा गोणपाटाचा तुकडा, म्हणजे माशी बुडणार नाही. हस्त बहारात हे सोपं जातं. उन्हाळी कलिंगडाला पेट्या आणाल तेव्हा सावली आणि पाणी यांवरच सगळं अवलंबून असतं. पारा ४२-४३ ला गेला की माश्या फूल सोडून पोळं गार ठेवायला पाणी वाहत बसतात. २०१८ पासून २० मे हा जागतिक मधमाशी दिन म्हणून पाळतात. आमच्याकडं त्या दिवशी माशी सावली शोधत असते.

पेट्या जातील. रान राहील. म्हणून बागेच्या कडेला बारा महिन्यांचं काहीतरी लावा: शेवगा, कडुनिंब, करंज, बोर, आणि मधल्या मोकळ्या जागेत तुळस, सब्जा, बडीशेप, सूर्यफुलाची एखादी ओळ. एक बांध चार-पाच फूट रुंद ठेवा आणि त्यावर नांगर, तणनाशक दोन्ही नको. वाळलेला बांबू किंवा ओंडका कोपऱ्यात पडू द्या, भुंगा येईल. आग्या वडावर बसली असेल तर टेंभा लावून जाळू नका. एका गावात बैलाला चावली म्हणून पोळं जाळलं, आणि त्या वर्षी तिथल्या तीन कांदा बी प्लॉटवाल्यांनी मला विचारलं, गोंड्यात दाणा का नाही.

राहिलं आईचं कांदा बी. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर दोन-तीन दिवसांनी तयार होतो, म्हणजे त्याच फुलाला त्याचाच पराग मिळत नाही. माशीनं एका गोंड्यावरून दुसऱ्यावर जायलाच हवं. अडचण अशी की कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं आणि मधमाशीला ते आवडत नाही. शेजारी कोथिंबीर फुललेली असेल तर ती कांद्याकडं ढुंकून बघत नाही. तेव्हा कोथिंबीर कांद्याच्या आधी फुलेल अशी पेरा, माश्यांना वाट माहीत होऊ द्या, आणि डेंगळ्यांवर, म्हणजे फुलांच्या दांड्यांवर, गोंडे उमलायला लागले की कोथिंबीर काढून टाका. एकाच जातीचं शुद्ध बी हवं असेल तर दुसऱ्या जातीचे फुललेले गोंडे निदान अर्धा किलोमीटर लांब असावेत. माशी जात बघत नाही.

साठ कळ्यांचा हिशोब तीन आठवड्यांनी कळवा, तिन्ही गट वेगवेगळे मोजून. फुलोरीचं पोळं कोणत्या झाडावर आहे तेही शोधून ठेवा, आणि पुढच्या छाटणीला टोळी येईल तेव्हा त्या झाडाला लाल फडकं बांधा.